रान मुलाला मुके करीत नाही

(हडपसर येथे भरलेल्या कार्यकर्ता मेळाव्यात दिलेले भाषण)



मला आज एकाकी वाढलेल्या मुलांविषयी बोलायला सांगितले आहे. ज्या मुलाशी लहानपणी कोणी बोललेच नाही, त्याच्या भाषेचे आणि मेंदूचे काय होते? विषय डॉक्टरांचा वाटतो. पण आपल्या नोंदवह्यांत, सर्वेक्षणाच्या कागदांवर आणि वसतिगृहाच्या प्रवेश अर्जांवर एक वाक्य वारंवार लिहिलेले मी पाहते: "मुलाला भाषा येत नाही." या एका वाक्यात दोन अगदी वेगळी मुले दडलेली असतात. पहिल्या मुलाला भाषा येते, पण ती आपल्याला येत नाही. दुसऱ्या मुलाला खरोखरच कोणतीही भाषा मिळालेली नसते. पहिल्याच्या बाबतीत आपण सावकाश, प्रेमाने काम करू शकतो. दुसऱ्याच्या बाबतीत एकेक महिना मोलाचा असतो. ही दोन मुले वेगळी कशी ओळखायची, आणि दुसरे मूल सापडले तर काय करायचे, एवढेच मी आज सांगणार आहे.

सुरुवात आपल्याच घरातल्या दोन जुन्या गोष्टींपासून करते, कारण त्या दोन्ही मिशनच्या अनाथाश्रमांतल्या आहेत.

१८६७ मध्ये उत्तरेत बुलंदशहर भागात शिकाऱ्यांना एक लहान मुलगा सापडला. तो लांडग्यांच्या गुहेत होता असे सांगितले गेले. त्याला आग्र्याजवळच्या सिकंदरा येथील मिशन अनाथाश्रमात आणले. शनिवारी आला म्हणून त्याचे नाव पडले सनीचर. १८९५ मध्ये तो वारला, तोपर्यंत त्याला बोलता आले नाही.

दुसरी गोष्ट तुम्हांपैकी अनेकांनी शाळेत किंवा शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात वाचली असेल. बंगालमधील मिदनापूर येथे अनाथाश्रम चालवणारे रेव्हरंड जे. ए. एल. सिंग यांनी सांगितले की १९२० मध्ये त्यांना लांडग्यांच्या बिळात दोन मुली सापडल्या. त्यांची नावे अमला आणि कमला. अमला वर्षभरातच गेली. कमला १९२९ पर्यंत जगली आणि तिला मोजके शब्द आले. सिंग यांची रोजनिशी १९४२ मध्ये अमेरिकेत पुस्तकरूपाने निघाली, आणि ही गोष्ट जगभर पसरली.

पण पुढे अभ्यासकांनी तिच्यावर गंभीर शंका घेतल्या. या मुली कदाचित जन्मतःच वेगळ्या, मतिमंद किंवा स्वमग्न असतील आणि म्हणूनच कोणी त्यांना टाकून दिले असेल, असे काहींनी मांडले. फ्रेंच शल्यचिकित्सक सर्ज आरोल यांनी कागदपत्रे तपासून २००७ मध्ये लिहिले की ती रोजनिशी त्या त्या दिवशी लिहिलेली नाही, छायाचित्रे मुली गेल्यानंतर इतर मुलांना घेऊन काढलेली आहेत, आणि ही सारी रचना अनाथाश्रमासाठी पैसा मिळावा म्हणून झाली.

आपल्यासारख्या माणसांनी ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. एक अनाथाश्रम, एक आदिवासी मुलूख, दूरचे देणगीदार आणि एक चित्तथरारक कथा. यात मुलीला खरोखर काय झाले होते, ते शोधण्याची गरज कोणालाच वाटली नाही. लांडग्याने सगळ्याचे उत्तर दिले. आणि मागे एक समज उरला तो असा, की रानात राहिले की माणसाची वाचा जाते. हा समज आजही आपल्या अहवालांत डोकावतो. "दुर्गम जंगलात, जगापासून तुटलेल्या, अबोल मुलांना आम्ही प्रकाशात आणले." असे वाक्य वाचले की मला मिदनापूर आठवते.

मग वाचा जाते ती कशाने? याचे उत्तर रानात नसून राजवाड्यात सापडले होते. सम्राट अकबराला प्रश्न पडला की मुलाला कोणी भाषा शिकवलीच नाही तर ते आपोआप कोणती भाषा बोलेल. १५८० च्या आसपास त्याने काही तान्ही बाळे एका वेगळ्या वाड्यात ठेवली. सांभाळायला दाया होत्या, खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण बाळांसमोर कोणी एक शब्द बोलायचा नाही असा हुकूम होता. काही वर्षांनी बादशहा पाहायला गेला, तेव्हा एकाही मुलाच्या तोंडून शब्द निघाला नाही. त्या वाड्याला लोक गुंग महाल म्हणजे मुक्यांचा महाल म्हणू लागले. तिथे भिंती होत्या, पहारा होता, दूध होते. फक्त बाळाने आवाज केला तर त्याला उत्तर मिळत नव्हते.

आता दोन मुली पाहू. समाजशास्त्र शिकलेल्यांना त्या माहीत असतील. अमेरिकेत १९३८ या एकाच वर्षी दोन ठिकाणी दोन मुली उजेडात आल्या. दोघी सहा वर्षांच्या आगेमागे, दोघी लग्नाबाहेर जन्मलेल्या आणि म्हणून घरच्यांनी लपवलेल्या. समाजशास्त्रज्ञ किंग्जले डेव्हिस यांनी त्यांना ॲना आणि इसाबेल अशी नावे दिली.

ॲना माळ्यावरच्या खोलीत एकटी ठेवलेली होती. तिला दूध पाजले जाई आणि दार बंद होई. कोणी तिला जवळ घेत नसे. सापडली तेव्हा तिला चालता येत नव्हते आणि बोलता येत नव्हते. पुढे ती थोडे शिकली, काही शब्द बोलू लागली, आणि १९४२ मध्ये दहाव्या वर्षी वारली. इसाबेलसुद्धा अंधाऱ्या खोलीतच होती, पण तिच्याबरोबर तिची आई कोंडलेली होती. ही आई मूकबधिर होती. तिने मुलीला एकही शब्द शिकवला नाही, कारण तिला तो येतच नव्हता. मात्र दोघी हातवाऱ्यांनी एकमेकींशी संबंध ठेवून होत्या. इसाबेल बाहेर आली तेव्हा तज्ज्ञांना वाटले की ही कधीच शिकणार नाही. तिला नेटाने शिकवायला सुरुवात झाली आणि साधारण दोन वर्षांत ती आपल्या वयाच्या मुलांच्या बरोबरीला आली. ॲनाला जन्मतःच काही कमतरता असावी, ही शक्यता डेव्हिस यांनी स्वतः नोंदवली आहे, म्हणून फार ताणून निष्कर्ष काढू नये. तरीही माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली. जिला शब्द येत नव्हता अशा आईने मुलीच्या हाताला हाताने उत्तर दिले, आणि त्या उत्तरावर पुढची भाषा उभी राहिली.

एकाकीपणा हा अंतराचा प्रश्न नाही, हे आपल्या पुण्यातही दिसले. २०२५ मध्ये इथून जवळच कोंढव्यात वीसहून अधिक कुत्र्यांसोबत घरात कोंडून ठेवलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाची सुटका करण्यात आली. त्या मुलाविषयी मी याहून अधिक बोलणार नाही. त्याला शांतपणे मोठे होण्याचा हक्क आहे. मला फक्त एवढेच दाखवायचे आहे की तो कोणत्याही दुर्गम पाड्यावर राहत नव्हता. भोवती शेजार होता, रस्ता होता, शाळा होत्या. मधे फक्त एक दार होते.

आता मेंदूविषयी थोडे, सोप्या शब्दांत.

बाळाचा कान जन्माआधीच काम करू लागतो. शेवटच्या तीन महिन्यांत ते पोटात आवाज ऐकत असते आणि जन्मल्यावर आईचा आवाज ओळखते. पहिले काही महिने बाळाचा कान सगळ्या जगासाठी उघडा असतो. १९८४ मध्ये जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. इंग्रज मोठ्या माणसाला यातला फरक सहसा कळत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो कळला. वर्षाच्या आतबाहेर पोहोचलेल्या बाळांना तो कळेनासा झाला, कारण त्यांच्या घरात तो फरक कोणी बोलत नव्हते. मेंदू असाच काम करतो. आरंभी तो पेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार करतो. ज्या वापरात येतात त्या मजबूत होतात, ज्या वापरात येत नाहीत त्या छाटल्या जातात. शेतात रोज पाणी गेलेला पाट खोल होतो आणि कोरडा पाट बुजतो, तसेच हे.

म्हणून भाषेला हंगाम असतो. १९६७ मध्ये एरिक लेनेबर्ग यांनी मांडले की पहिली भाषा नीट रुजायला बालपणाचा ठराविक काळच अनुकूल असतो. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७० मध्ये, लॉस एंजेलिसजवळ एक तेरा वर्षांची मुलगी सापडली. तिला खोलीत बांधून ठेवलेले होते आणि आवाज केला तर मार बसे. अभ्यासकांनी तिला जीनी हे टोपणनाव दिले. भाषाशास्त्रज्ञ सुझन कर्टिस तिच्यासोबत काही वर्षे होत्या. जीनी शेकडो शब्द शिकली, पण शब्दांची वाक्ये झाली नाहीत. आपल्याकडे कोणी "आई दुकान साखर" म्हणावे तसे तिचे बोलणे राहिले. बहुतेक माणसांत भाषा मेंदूच्या डाव्या भागात सांभाळली जाते; तिच्या चाचण्यांत हे काम उजवा भाग करताना दिसला. तिच्यात जन्मापासून काही दोष होता की नाही यावर आजही वाद आहे. वाद नाही तो पुढच्या भागाविषयी: संशोधनाचा पैसा थांबला आणि ही मुलगी एका घरातून दुसऱ्या घरी फिरत राहिली. ज्यांनी तिचा अभ्यास केला त्या व्यवस्थेला तिला कायमचे घर देता आले नाही.

एका मुलीवरून नियम ठरत नाही. पण रोमेनियात शेकडो मुलांच्या बाबतीत हे दिसले. तिथल्या सरकारी अनाथालयांत तान्ही मुले पाळण्यांत रांगेने ठेवलेली असत. दूध वेळेवर मिळे, कपडे बदलले जात, पण माणसे थोडी आणि तीही पाळीनुसार बदलणारी. २००० सालापासून बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्या मुलांना प्रशिक्षित पालक कुटुंबांत ठेवले. दीड-दोन वर्षांचे होण्याआधी ज्यांना कुटुंब मिळाले त्यांची भाषा उत्तम सुधारली. उशिरा गेलेल्यांची तेवढी सुधारली नाही. मेंदूतील विद्युत लहरींच्या नोंदींतही हा फरक दिसला. आपल्यापैकी जे बालगृहे चालवतात त्यांनी हे मनावर घ्यावे. तान्ह्या बाळाला स्वच्छ खोली, खेळणी आणि दर महिन्याला येणारे नवे स्वयंसेवक पुरत नाहीत. त्याला तेच तेच एक माणूस हवे असते, जे त्याच्या हुंकाराला हुंकार देईल. आणि शक्य असेल तिथे त्याला कुटुंबच हवे असते.

आता आपल्या पहिल्या मुलाकडे वळू, ज्याला भाषा येते.

आपल्या महाराष्ट्रात भिलोरी, पावरी, मावची, कोकणा, वारली, कातकरी, कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी अशा कितीतरी भाषा बोलल्या जातात. भिलोरी आपल्या मराठीच्या नात्यातली. गोंडी आणि कोलामी द्राविड कुळातल्या, म्हणजे तेलुगू-कन्नडच्या नात्यातल्या. मेळघाटातली कोरकू तर मुंडा कुळातली, संथाळीची बहीण. एका राज्यात तीन भाषाकुळे. कोरकूत एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये द्विवचनही आहे, दोघांसाठी वेगळे रूप. मराठीत ते नाही. पाच वर्षांचे कोरकू मूल ते न चुकता वापरते. त्या मुलाला शाळेत बसवून आपण मराठीत विचारतो, "तुझे नाव काय?" ते खाली पाहते, आणि आपण लिहितो, "भाषा येत नाही."

या मुलाच्या मेंदूत काहीही कमी नाही. त्याला आजीने गोष्टी सांगितल्या आहेत, बहिणीने कडेवर घेऊन पाड्याभर फिरवले आहे, वडिलांनी झाडापाखरांची नावे शिकवली आहेत. पाड्यावरचे मूल दिवसभरात जितक्या माणसांशी बोलते, तितकी माणसे शहरातल्या बंद सदनिकेतल्या मुलाला आठवड्यात भेटत नसतील. त्याची पहिली भाषा भक्कम असल्यामुळेच दुसरी भाषा तिच्यावर चढते. घराचा पाया असला की मजला चढवता येतो. म्हणून वसतिगृहांतल्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मुले रात्री अंथरुणावर आपल्या बोलीत कुजबुजतात तेव्हा त्यांना गप्प करू नका. पहिल्या वर्षी त्यांची बोली येणारे एक तरी माणूस स्वयंपाकघरात, पडवीत, कुठेही असू द्या. मराठी येईलच. पाया उखडून मजला बांधायचा नाही, एवढे सांभाळा.

आणि आता दुसरे मूल. तेही याच पाड्यावर, याच वस्तीत असते आणि आपल्याला दिसत नाही.

जगभरचा हिशोब असा आहे की हजार बाळांमागे साधारण एक-दोन बाळे जन्मतः तीव्र श्रवणदोष घेऊन येतात. त्यांतल्या दहापैकी नऊ बाळांचे आईवडील ऐकू येणारे असतात. त्यामुळे घरात कोणालाच हातांची भाषा येत नसते. ते मूल माणसांनी भरलेल्या घरात, आईच्या मांडीवर बसलेले असूनही भाषेच्या बाबतीत गुंग महालात असते. त्याला कोणी कोंडलेले नसते. सगळे त्याच्यावर जीव लावतात आणि सगळे त्याच्याशी बोलतात. फक्त त्यातले काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आपल्या कार्यक्षेत्रात एकाकीपणामुळे भाषा हरवण्याचे सर्वांत मोठे कारण हे आहे, आणि ते लांडग्यांच्या गोष्टीसारखे चित्तथरारक नसल्यामुळे त्याच्यावर कोणी लिहीत नाही.

सोलापूर रस्त्याच्या पुढे एका वीटभट्टीवर आलेल्या कातकरी कुटुंबातली एक मुलगी मला भेटली होती, साडेचार वर्षांची. सगळे तिला मुकी म्हणत. आईवडील पहाटेपासून कामावर, मुलगी आजीजवळ. मी विचारले, "आजी, ही ऐकते का?" आजी म्हणाली, "ऐकते की, ताई. ट्रॅक्टर आला की वळून बघते. बोलत नाही एवढंच. हिचा बापबी उशिराच बोलला." जिभेला वेखंड लावून झाले होते. गावाकडच्या कोणीतरी जिभेखालचा दोर कापायला सांगितले होते. ट्रॅक्टरची धडधड पायांखालच्या जमिनीतून कळते, ती कानाने ऐकलेली नव्हती. तपासणीत दोन्ही कानांचा तीव्र दोष निघाला.

पण त्या आजीने एक मोठे काम करून ठेवले होते. तिने नातीसाठी स्वतःच खुणा बनवल्या होत्या. पाण्याची, भाकरीची, विस्तवाची, आईची, "थांब"ची, "संध्याकाळी येईल"ची. मुलगीही त्या खुणांनी तिला उत्तर देई, आणि मनाच्या नव्या खुणा काढी. इसाबेलची आई मी पुस्तकात वाचली होती. ही आमच्या भट्टीवर बसलेली होती. आज ती मुलगी कर्णबधिरांच्या शाळेत आहे. यंत्राचा तिला थोडाच उपयोग होतो; ती हातांनी भरभर बोलते. आणखी चार वर्षे आधी कळले असते तर वाट सोपी झाली असती. तरी तिचा पाया आजीने घातला होता.

मूल मुके असते कारण ते ऐकत नाही, हे आपल्या सेवेत नवीन असू नये. मार्कच्या शुभवर्तमानात एका बहिऱ्या माणसाची हकिकत आहे. येशू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांना आणि जिभेला हात लावतो. ज्याला शब्द ऐकू येत नाही त्याच्याशी तो आधी स्पर्शाने आणि खुणेने बोलतो. तिथेही आधी कान मोकळे होतात, मग जीभ. मुंबईत १८८० च्या दशकात कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिर मुलांची शाळा सुरू झाली. ती या देशातल्या अशा पहिल्या शाळांपैकी एक. लांडग्यांच्या कथेपेक्षा हा वारसा आपल्याला जास्त शोभतो.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. कृपया लिहून घ्या.

पहिले, वयाप्रमाणे खुणा. तीन-चार महिन्यांचे बाळ आईच्या आवाजाने शांत होते का? सहा-सात महिन्यांचे बाळ मागून हाक मारली तर वळते का? नऊ-दहा महिन्यांचे बाळ "बाबाबा, दादादा" करते का? वर्षाच्या पुढे एखादा शब्द आला का? दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडते का? हे प्रश्न आईला तिच्या बोलीत विचारा आणि उत्तरेही तिच्याच बोलीतल्या शब्दांवर तपासा. लक्षात ठेवा, बहिरे बाळसुद्धा सुरुवातीचे महिने हुंकार देते, म्हणून घरच्यांना संशय येत नाही. पुढे ते हळूहळू गप्प होत जाते.

दुसरे, टाळी वाजवून किंवा ताट पाडून निकाल देऊ नका. बाळ हवा, सावली किंवा जमिनीचा हादरा ओळखून वळते. खरी तपासणी ओएई यंत्राने होते. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी कळी ठेवतात, काही मिनिटे लागतात, दुखत नाही. शंका राहिली तर बेरा ही चाचणी करतात. जगभर मानलेला नियम असा: एका महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार आणि भाषेची सुरुवात. अमेरिकेतल्या अभ्यासात १९९८ मध्येच दिसले की सहा महिन्यांच्या आत दोष कळलेल्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे असते. आतल्या कानात यंत्र बसवलेल्या मुलांच्या मेंदूचा अभ्यास सांगतो की साडेतीन वर्षांच्या आत यंत्र मिळाले तर मेंदूचा प्रतिसाद साधारण मुलासारखा होऊ शकतो, आणि सातनंतर ते अवघड होते.

तिसरे, सरकारी वाट वापरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात, आणि जन्मतः असलेला बहिरेपणा त्यांच्या यादीत आहे. पण पथक अंगणवाडीत येते त्या दिवशी आपले मूल भट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेले असते. ही फट आपण बुजवायची आहे. आशाताईंना आधी कळवा, मूल तिथे पोहोचवा, कागद हरवू देऊ नका.

चौथे, निदान होईपर्यंत थांबू नका. ज्या मुलाविषयी शंका आहे त्याच्या घरी आजपासून हातांनी, चेहऱ्याने, नजरेला नजर देऊन बोलायला सांगा. खुणा केल्या तर मूल बोलायचे राहील, ही भीती खोटी आहे. निकारग्वा देशात १९७० च्या दशकाच्या अखेरीस बहिरी मुले पहिल्यांदाच शाळेत एकत्र आली. त्यांना कोणी खुणांची भाषा शिकवली नव्हती. घरून आणलेल्या मोडक्यातोडक्या खुणांतून त्यांनी काही वर्षांत व्याकरण असलेली पूर्ण भाषा उभी केली. मुलाला भाषा हवी. ती कानाने आली की हाताने, याची मेंदूला तक्रार नसते.

पाचवे, बंद दाराकडे लक्ष ठेवा. बांधकामाच्या वस्तीत बाहेरून कडी लावलेली खोली, कोणालाही न दाखवलेले अपंग मूल, दाव्याने बांधून ठेवलेले मूल. अशा घरी आईवर ओरडू नका. दिवसभर डोक्यावर विटा वाहणाऱ्या बाईने मूल कोणावर सोपवायचे, हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. पाळणाघर शोधा, शेजारीण शोधा. मूल धोक्यात असेल तर १०९८ या क्रमांकावर कळवा, बालकल्याण समितीकडे जा.

आणि शेवटचे, आपल्या लिखाणाविषयी. या त्रैमासिकासाठी मजकूर पाठवताना मुलांना अबोल, रानटी, जगापासून तुटलेली असे लिहू नका. मूल कोणती भाषा बोलते तिचे नाव लिहा. बोलत नसेल तर त्याचे कान तपासले की नाही ते लिहा. देणगीदार बंधुभगिनींनाही माझे सांगणे आहे, की यामुळे आमच्या बातम्या थोड्या साध्या वाटतील. एखाद्या पाड्यावर अकरा बाळांची श्रवणतपासणी झाली, एवढीच बातमी असेल. तिला मोठी बातमी समजा.

पुढच्या तिमाहीपर्यंत प्रत्येक केंद्राने तीन वर्षांखालच्या मुलांची एक यादी करावी. तीन रकाने पुरे आहेत: घरातली भाषा, हाकेला वळते का, तपासणीची तारीख. ज्या नावापुढे तिसरा रकाना रिकामा असेल, त्या घरी आधी जाऊ.